बँडची कीर्ती आणि कॅमेरा : कळवणच्या पावरीपासून मुंबईच्या रॉकपर्यंत

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडील कळवण तालुका वाद्यांच्या दृष्टीने दोन प्रदेशांच्या सांध्यावर वसलेला आहे. पश्चिमेला सुरगाण्याला लागून असलेल्या डोंगरपट्ट्यात कोकणा, भिल्ल आणि महादेव कोळी या समाजांची वस्ती असून तेथे पावरी, थाळ आणि संबळ ही वाद्ये देवकार्याशी बांधलेली आहेत. पूर्वेला देवळा, बागलाण आणि मालेगावकडे उतरत जाणाऱ्या गिरणेच्या खोऱ्यात अहिराणी बोलणारा आणि कांदा पिकवणारा शेतकरी समाज असून तेथील वरातींत गेल्या अनेक पिढ्या ब्रास बँड आणि त्याचे पुढचे अवतार वाजत आले आहेत. दोन्हींच्या मध्ये सप्तशृंगीचा गड उभा आहे, आणि चैत्रातल्या यात्रेला खानदेशातून पायी येणाऱ्या दिंड्यांबरोबर दोन्हीकडची वाद्ये एकाच वाटेवर ऐकू येतात. अशा प्रदेशात एखादा वाद्यमेळ नावारूपाला कसा येतो आणि त्याच्या नावारूपाला येण्याची नोंद कोण ठेवतो, हा प्रश्न वरवर स्थानिक वाटला तरी त्याचे उत्तर शोधताना मुंबईच्या रॉक बँडपर्यंत आणि परदेशातील संगीतविषयक माहितीपटांपर्यंत जावे लागते. कारण बँडची चढती कमान हा विषय चित्रपटाने जितका रंगवला तितका अन्य कोणत्याही माध्यमाने रंगवलेला नाही.

या प्रदेशातील सर्वांत जुन्या सामूहिक वादनाचा मध्यबिंदू पावरी हा आहे. वाळवून पोखरलेल्या दुधी भोपळ्याला छिद्रे पाडलेल्या बांबूच्या दोन नळ्या मेणाने बसवून आणि पुढच्या टोकाला शिंगाचा किंवा ताडाच्या पानांचा कर्णा जोडून हे फुंकवाद्य तयार होते, आणि काही ठिकाणी त्याला मोरपिसांनी सजवले जाते. वारली समाजाचा तारपा हा याचाच सख्खा भाऊ म्हणता येईल. वाजवणारा नाकाने श्वास घेत असतानाच गालात साठवलेली हवा वाद्यात सोडत राहतो, त्यामुळे स्वर मध्ये कोठेही तुटत नाही आणि नाचणाऱ्यांचे रिंगण तासन्‌तास फिरत राहू शकते. मार्गशीर्षात होणाऱ्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात व्रत धरलेले माउले या पावरीभोवती फेर धरतात, घुंगरू बांधलेली काठी जमिनीवर आपटून ठेका दिला जातो, आणि पावरकराने चाल बदलली की कोणी तोंडाने सांगण्यापूर्वीच सगळ्या रिंगणाचे पाऊल बदलते. म्हणजे वादक येथे साथीदार नसून नाचाचा चालक असतो. तरीही त्याचे नाव त्याच्या पंचक्रोशीपलीकडे फारसे जात नाही, कारण जे घडते ते देवासाठी घडते आणि त्याचे श्रेय मागण्याची पद्धत तेथे नाही.

थाळ हे याहूनही साधे आणि म्हणूनच अधिक चकित करणारे वाद्य आहे. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाचा गोळा लावून त्यात एक बारीक काडी उभी रोवतात आणि चिमटीत धरलेल्या त्या काडीवरून बोटे वरून खाली ओढत राहतात. थाळीतून निघणारा घुमारा हाच आधारस्वर मानून कथेकरी रात्रभर कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा लावतो. बोहाड्यात, म्हणजे देवदेवतांची सोंगे मुखवटे लावून रात्री नाचवण्याच्या उत्सवात, संबळ आणि सनई यांची जोडी असते, आणि प्रत्येक सोंगाची चाल वेगळी असल्याने पडद्यामागून कोण येणार हे जाणत्या प्रेक्षकाला मुखवटा दिसण्याआधी संबळावरूनच कळते. या तिन्ही प्रकारांत कलावंत आहेत, श्रोते आहेत, वर्षानुवर्षांची तालीम आहे. फक्त ज्याला आधुनिक अर्थाने प्रसिद्धी म्हणतात ती नाही.

ती प्रसिद्धी, निदान तिचे गावपातळीवरचे रूप, ब्रास बँडबरोबर आले. ट्रंपेट, क्लॅरिनेट, युफोनियम, मोठा ढोल आणि छोटा ड्रम यांचा हा संच मुळात पलटणीचा. छावण्या आणि संस्थाने यांच्या पदरी असलेल्या बँडपथकांतून तो नागरी वरातींत उतरला, आणि देवळालीसारखी लष्करी छावणी ज्या जिल्ह्यात आहे तेथे तो रुजायला फार काळ लागण्याचे कारण नव्हते. पुण्यात प्रभात आणि दरबार ही बँडची नावे घरोघरी ठाऊक झाली. तालुक्याच्या गावी तशीच पण लहान प्रमाणावरची कीर्ती बँड मास्तरला, म्हणजे पथकाच्या प्रमुख वादकाला, मिळू लागली. तिचे मोजमाप एकच होते, ते म्हणजे सुपारी कुठून येते. आजूबाजूच्या चार गावांतून सुपारी येणारा बँड साधा आणि दाट तिथीच्या दिवशी दुसऱ्या तालुक्यातून बयाणा घेऊन माणसे येतात तो नामांकित, हा हिशेब छापील परीक्षणांपेक्षा कितीतरी रोखठोक होता.

मात्र या कीर्तीला जातीची मर्यादा होती आणि ती लपवून हा इतिहास लिहिता येत नाही. महाराष्ट्रातील गावगाड्यात हलगी, डफ, सनई ही वाद्ये वाजवणे हे महार, मांग, होलार, गुरव अशा ठरावीक समाजांचे वंशपरंपरेने ठरलेले काम होते, आणि त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने, म्हणजे सुगीच्या वेळी मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याने, दिला जाई. ब्रास बँड आला तेव्हा त्यात शिरलेले वादकही बहुतांशी याच समाजांतले किंवा मुसलमान वादक घराण्यांतले होते. गणवेश, झालरीच्या टोप्या आणि पितळेची चकाकती वाद्ये यांमुळे त्या कामाला रोकड आणि काहीसा दिमाख मिळाला. पण ज्याच्या तुताऱ्यांनी वरात सजली त्या वादकाला मांडवातल्या पंगतीत कोठे बसवले जाई हा प्रश्न बदलला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची कामे सोडण्याचे आवाहन केले त्यात वाजंत्रीपणाचाही समावेश होत होता, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे बँडच्या धंद्यात पुढच्या पिढीने का राहावे आणि का राहू नये यावर अनेक घरांत मतभेद का झाले असतील ते समजते. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतातील लग्नाच्या बँडवर २००५ मध्ये ‘ब्रास बाजा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांचे वादन प्रत्येकाच्या लग्नाच्या आठवणीत आहे त्यांच्यावर असे सविस्तर पुस्तक होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले, एवढी एकच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

पाश्चात्त्य देशांत नेमके उलटे घडले, आणि त्यामागे आधी एक तांत्रिक कारण होते. १९६० च्या सुमारास खांद्यावर पेलता येईल असा १६ मिलिमीटरचा कॅमेरा आणि त्याच्याशी जुळवून आवाज टिपणारे, हातात वागवता येणारे ध्वनिमुद्रण यंत्र अमेरिकेत आणि युरोपात उपलब्ध झाले. त्यापूर्वी माहितीपट, म्हणजे प्रत्यक्ष व्यक्ती आणि घटना यांवर आधारलेला चित्रपट, बहुधा नंतर जोडलेल्या निवेदनावर चालत असे. आता कॅमेरा गायकाच्या मागोमाग मोटारीत, हॉटेलच्या खोलीत आणि रंगमंचाच्या विंगेत जाऊ लागला. डी. ए. पेनबेकर यांनी बॉब डिलनच्या १९६५ मधील इंग्लंड दौऱ्यावर केलेला आणि १९६७ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट, मायकेल वॉडली यांचा ‘वुडस्टॉक’, आणि मेझल्स बंधू व शार्लट झ्वेरिन यांचा रोलिंग स्टोन्सवरील ‘गिमी शेल्टर’ हे त्या पहिल्या दशकातले टप्पे होत. शेवटचे दोन्ही चित्रपट १९७० चे आहेत. ‘वुडस्टॉक’ने लाखो तरुणांचा सोहळा दाखवला, तर ‘गिमी शेल्टर’मध्ये ऑल्टमाँट येथील मैफलीत प्रेक्षकांतील एका तरुणाचा झालेला खून कॅमेऱ्यात सापडला, त्यामुळे रॉकच्या कीर्तीचे तेज आणि तिचा काळोख या दोहोंचे नमुने एकाच वर्षात तयार झाले. दुसरे कारण व्यापारी होते. तबकड्या विकणाऱ्या कंपन्यांना बँडची कहाणीही विकता येते हे उमगले होते, आणि कॅमेऱ्याचा खर्च उचलायला कोणीतरी उभे होते.

येथे बीटल्सचे उदाहरण विशेष उपयोगी पडते. जानेवारी १९६९ मध्ये या बँडच्या तालमींचे आणि ध्वनिमुद्रणाचे सुमारे ६० तासांचे चित्रीकरण झाले होते. त्यातून १९७० मध्ये आलेला ‘लेट इट बी’ हा चित्रपट बँड फुटल्यावर लोकांसमोर आला, त्यामुळे तो अनेकांना फुटीचा पुरावा वाटला. पुढे पीटर जॅक्सन यांनी त्याच रिळांवरून २०२१ मध्ये ‘गेट बॅक’ ही कितीतरी लांब मालिका संकलित केली तेव्हा त्याच खोलीत थट्टामस्करी करणारे, एकमेकांच्या चाली दुरुस्त करणारे चार मित्र दिसले. दोन्ही कहाण्या एकाच सामग्रीतून निघाल्या, आणि दुसरी निघू शकली ती केवळ मूळ रिळे आणि ध्वनिफिती जपून ठेवल्या होत्या म्हणून. माहितीपटाच्या इतिहासात दिग्दर्शकाइतकेच महत्त्व या साठवणुकीला द्यावे लागते.

मुंबईत त्याच काळात बँड होते, श्रोते होते, स्पर्धाही होत्या. द जेट्स, द सॅव्हेजेस, अॅटॉमिक फॉरेस्ट ही नावे महाविद्यालयीन तरुणांत परिचित होती. ‘सिमला’ या सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या अखिल भारतीय सिमला बीट स्पर्धेतील निवडक गाण्यांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ साली निघाल्या. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईत येऊन येथील वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या छोट्या क्लबातही वाजवले. विलायतेहून गिटार आणि अॅम्प्लिफायर, म्हणजे आवाज वाढवणारे यंत्र, आणणे आयात निर्बंधांमुळे दुरापास्त असल्याने हौशी मंडळी येथल्या कारागिरांकडून ती बनवून घेत. एवढे सगळे असूनही त्या पिढीची चित्रफीत म्हणावी अशी सामग्री फार थोडी उरली आहे. चित्रीकरणाची मोठी यंत्रणा तेव्हा दोनच ठिकाणी होती, एक हिंदी-मराठी चित्रपटांच्या निर्मात्यांकडे आणि दुसरी १९४८ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनकडे. पहिल्यांना गिटार वाजवणारा तरुण हा क्लबच्या दृश्यातला शोभेचा भाग वाटत होता, आणि दुसऱ्यांना धरणे, पंचवार्षिक योजना आणि शास्त्रीय संगीतातील दिग्गज यांवर माहितीपट करायचे होते. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवणे सक्तीचे असल्याने तेथे स्थान मिळते तर बँड देशभर पोचला असता. पण इंग्रजीत गाणाऱ्या, केस वाढवलेल्या मुलांचे कौतुक सरकारी खर्चाने होणे त्या काळात संभवत नव्हते.

या पिढीत मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे असे नाव म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि डॉ. आशा भेंडे या नाट्यक्षेत्रातील दांपत्याचा हा मुलगा इंग्रजी रॉक गात मोठा झाला, सॅव्हेजेस आणि अॅटॉमिक फॉरेस्ट यांच्यासारख्या बँडशी त्याचे नाव जोडले गेले, आणि अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये मुंबईत केलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतिकेत त्याने ज्यूडासची भूमिका केली. पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्टच्या नाटकावरून लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ थिएटर अॅकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणला. त्यात भेंडे यांच्या गळ्यातून मराठी शब्द रॉकच्या ठेक्यावर आले, आणि लावणी, नाट्यपद व रॉक एकाच प्रयोगात शेजारी शेजारी नांदू शकतात हे मराठी प्रेक्षकाने अनुभवले. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधील ‘कृष्णा धरती पे आजा तू’ या गाण्यातही त्यांचा आवाज आहे. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. एखाद्या माहितीपटकाराला यापेक्षा सुरस नायक कोणता हवा होता, असे वाटल्यावाचून राहत नाही. नाटक, रॉक आणि हिंदी चित्रपट या तीन दुनिया त्यांच्या एका आयुष्यात एकत्र आल्या होत्या. अॅटॉमिक फॉरेस्टचे ध्वनिमुद्रण काही दशकांनी अमेरिकेतील एका कंपनीने शोधून पुन्हा प्रकाशित केले तेव्हा अनेक भारतीय श्रोत्यांनी हे नाव प्रथमच ऐकले.

त्यानंतरची पिढी रॉक मशीनची. १९८४ मध्ये मुंबईत तयार झालेल्या आणि उदय बेनेगल, महेश तिनईकर आदींच्या या बँडने परक्यांची गाणी वाजवण्याची चाल मोडून स्वतःची गाणी रचली, १९८८ मध्ये स्वतंत्र अल्बम काढला, आणि १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नवे नाव घेतले. १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी चालवलेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवामुळे धोबीतलावजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह रॉकप्रेमींचे तीर्थ झाले. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० साली आल्यानंतर रुग्णालये आणि शाळांजवळचा तो परिसर शांतता क्षेत्रात मोडू लागला आणि तेथील मैफली थांबल्या. याच नियमांनी पुढे कळवणच्या वरातींनाही रात्री दहाची वेळ घालून दिली, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. उपग्रहवाहिन्या आल्यावर या बँडना गाण्याच्या चित्रफिती मिळाल्या खऱ्या, पण चार मिनिटांची चित्रफीत आणि चार वर्षांचा प्रवास टिपणारा माहितीपट यांत जाहिरात आणि चरित्र यांच्याइतके अंतर असते.

मुंबई रॉकच्या माहितीपटात ठळकपणे आली ती परदेशी बँडच्या निमित्ताने. आयर्न मेडन या इंग्लिश बँडने १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावरून आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात केली. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन हाच दौऱ्याच्या बोइंग ७५७ विमानाचा वैमानिक होता, आणि सॅम डन व स्कॉट मॅकफेडियन यांच्या ‘फ्लाइट ६६६’ या २००९ च्या चित्रपटात हा दौरा आला. पाहुण्याच्या कॅमेऱ्यातून यजमान शहर दिसावे, असा हा प्रकार.

भारतीय बँडवरचा पूर्ण लांबीचा आणि चित्रपटगृहांत पोचलेला माहितीपट म्हणून जयदीप वर्मा यांच्या ‘लीव्हिंग होम’चा उल्लेख प्रथम करावा लागतो. दिल्लीत १९९० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ओशन या बँडवरचा हा चित्रपट एप्रिल २०१० मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. बँडमधील तबलावादक आणि गायक अशीम चक्रवर्ती यांचे निधन त्याआधी काही महिन्यांपूर्वी, २५ डिसेंबर २००९ रोजी, झाले होते. त्यामुळे ज्या चौघांच्या एकत्र असण्याची कहाणी पडद्यावर होती ते चौघे प्रेक्षकांसमोर ती येण्यापूर्वीच एकत्र उरले नव्हते. महाराष्ट्राच्या दृष्टीने या बँडचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. त्यातील बासवादक राहुल राम यांनी नर्मदा बचाव आंदोलनात काम केले होते, आणि ‘कंदीसा’ या २००० सालच्या अल्बममधील ‘माँ रेवा’ हे गाणे नर्मदेच्या काठच्या लोकगीतावर उभे आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात सर्वप्रथम बुडू लागलेले महाराष्ट्रातील मणिबेली हे गाव तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नंदुरबारमध्ये, सातपुड्याच्या कुशीत होते. कळवणहून उत्तरेला साक्री, नवापूर, अक्कलकुवा असा जो आदिवासी पट्टा जातो, त्याच्या टोकावरच्या नदीचे गाणे अशा रीतीने दिल्लीच्या बँडमार्फत देशभर गाजले. मूळ गाणारे मात्र बुडिताखालच्या गावांबरोबर विखुरले.

कीर्तीचा अर्थच वेगळा लावणारा माहितीपट म्हणजे आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये घोगरे यांचे गाणे होते. त्यांच्या मृत्यूनंतर सुरू झालेले चित्रीकरण चौदा वर्षे चालले, आणि त्यात पुढे पुण्याचा कबीर कला मंच हा तरुण गायक-वादकांचा संच आला. डफ, ढोलकी आणि खड्या आवाजातील गाणी यांवर वस्त्या-वस्त्यांतून नाव मिळवणाऱ्या या संचाची चढण आणि त्याच्यामागे लागलेला पोलिसी ससेमिरा या दोन्ही गोष्टी एकाच चित्रपटात दिसतात. रॉक बँडच्या माहितीपटात सहसा मोठी सभागृहे आणि वाढती विक्री हे यशाचे टप्पे असतात. येथे गर्दी वाढणे हेच संकटाचे कारण ठरते. महाराष्ट्रात गाणाऱ्यांच्या एखाद्या संचावर झालेल्या माहितीपटांत याची सर दुसऱ्या कशाला येत नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी.

कळवणच्या सर्वांत जवळ, गिरणेच्याच काठावर, या विषयाचा आणखी एक धडा घडला. मालेगावातील शेख नासिर यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता गाजलेल्या चित्रपटांच्या विनोदी नकला करण्यास सुरुवात केली आणि २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार केला. यंत्रमागांच्या गावात हप्त्याची सुट्टी शुक्रवारी असते आणि त्या दिवशी चित्रपटाला गर्दी लोटते, या गणितावर हा उद्योग चालला. फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये पूर्ण केलेला ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट नासिर यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या निर्मितीमागे फिरतो. नायकाला आकाशात उडवण्यासाठी वापरलेले हिरवे कापड, चित्रीकरण चालू असताना पाण्यात पडलेला कॅमेरा आणि तो दुरुस्त होईपर्यंत खोळंबलेली मंडळी, आणि या सगळ्यांत सुपरमॅन होणारा शफीक हा किडकिडीत यंत्रमाग कामगार, यांचे दर्शन त्यात जवळून घडते. शफीक यांचे २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले आणि माहितीपट चित्रपटगृहांत लागला तो जून २०१२ मध्ये. पुढे रीमा कागती यांनी याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट केला, जो २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. हे बँडचे चरित्र नव्हे. तथापि गावातल्या हौशी संचाची कीर्ती गावाबाहेर नेणारे साधन माहितीपट कसे ठरते, आणि ती कीर्ती पोचेपर्यंत कीर्तिवंत कसा निघून गेलेला असतो, हे इंडियन ओशनइतकेच येथेही दिसते.

रस्त्यावर वाजणाऱ्या मराठी संचाचा उदय दाखवण्याचे काम मात्र कल्पित कथेने केले. रवी जाधव यांच्या ‘बँजो’ या २०१६ च्या हिंदी चित्रपटात रितेश देशमुख यांनी मुंबईच्या वस्तीतील बँजोवादकाची भूमिका केली, आणि त्याचे नशीब उघडते ते अमेरिकेतून आलेल्या तरुणीने त्याचा आवाज ऐकल्यामुळे. बँजो म्हणजे महाराष्ट्रात टाइपरायटरसारख्या कळा असलेले, तारांचे बुलबुलतरंग; गणपतीच्या मिरवणुकीत त्याला कर्णा लावून सिनेगीते वाजवणारी पार्टी त्याच्याच नावाने ओळखली जाते. असा संच परदेशी कानांनी शोधल्याशिवाय मोठा होत नाही, ही पटकथेची गृहीत धरलेली बाजू खटकते. पण वर सांगितलेल्या इतिहासाकडे पाहता तिला सर्वस्वी खोटेही ठरवता येत नाही.

दरम्यान कळवण, सुरगाणा, बागलाण, साक्री या भागांत ब्रास बँडची जागा गाडीवरच्या बँडने घेतली. टेंपोवर जनित्र, ध्वनिवर्धकांची रास, कीबोर्ड, हाताच्या काठ्यांनी वाजवण्याचे इलेक्ट्रॉनिक पॅड आणि एक-दोन गायक असा हा संच असतो. रॉक बँडचीच सामग्री जणू चाकांवर चढवलेली असते. हळदीच्या रात्री किंवा वरातीत कीबोर्डवर पावरीची चाल काढली की पोरापोरींचा फेर आपोआप धरला जातो, आणि डोंगऱ्यादेवाच्या रिंगणातले पाऊल डांबरी रस्त्यावर पडू लागते. जुन्या जाणत्यांना हे रुचत नाही, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. कीबोर्डच्या कोऱ्या स्वरात भोपळ्याच्या पोटातला तो खरखरीत घुमारा येत नाही, आणि सतत श्वास भरण्याची जी विद्या पावरकर वर्षानुवर्षे कमावत असे ती बटण दाबून मिळत असल्याने शिकण्याची गरजच उरत नाही. तरीही ज्या मुलांनी ती चाल कीबोर्डवर बसवली त्यांनी ती ऐकूनच बसवलेली असते, आणि यंदाच्या लग्नसराईत तिला सुपारी मिळते म्हणून ती पुढच्या वर्षीही वाजते, हेही विसरता येत नाही. या संचांतील वादनाला जातीचे जुने कुंपण पूर्वीइतके राहिलेले नाही आणि अनेक ठिकाणी आदिवासी तरुणच मालक, वादक आणि गायक असतात, हा बदल वाद्यांच्या बदलापेक्षाही मोठा मानला पाहिजे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर या बँडच्या कीर्तीचे मापही बदलले. वरातीत हात उंच करून टिपलेली चित्रफीत दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर चढते, तिच्या खाली गाडीच्या मालकाचा नंबर असतो, आणि ती पाहून शेजारच्या जिल्ह्यातून आणि गुजरातेतील डांगमधून सुपारी येते. ज्या कॅमेऱ्याची मुंबईच्या पिढीला वाण पडली तो आता प्रत्येकाच्या खिशात आहे. परंतु अशा चित्रफितींत बहुतेकदा गाव नसते, तारीख नसते, पॅड वाजवणाऱ्याचे नाव नसते, चाल कोणाकडून घेतली याचा पत्ता नसतो. मोबाइल बिघडला किंवा खाते बंद पडले की मूळ फीतही जाते. साठ तासांची रिळे जपली म्हणून पन्नास वर्षांनी बीटल्सची दुसरी कहाणी सांगता आली, आणि जपली नाहीत म्हणून नंदू भेंड्यांच्या तरुणपणाची पहिलीही नीट सांगता येत नाही.

म्हणून कळवण आणि आसपासच्या तालुक्यांतील बँडमालकांनी, महाविद्यालयांतील मराठी आणि इतिहास विभागांनी, तसेच गावोगावच्या वाचनालयांनी एक साधे काम हाती घ्यावे. ज्या कोणाकडे पावरीच्या, बोहाड्याच्या, ब्रास बँडच्या किंवा गाडीवरच्या बँडच्या जुन्या-नव्या फिती असतील त्यांनी प्रत्येक फितीला गाव, दिनांक, प्रसंग आणि वाजवणाऱ्या सर्वांची नावे त्यांच्या संमतीने जोडावीत, तिची एक प्रत मोबाइलबाहेर ठेवावी आणि दुसरी वाचनालयात द्यावी. आणि ज्या पावरकरांचा श्वास अजून टिकून आहे त्यांच्यापासून सुरुवात या मार्गशीर्षातच करावी.